गिऱ्हे सरांच्या पट्ट्या

प्रिय इरा आणि निहार,

गेल्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो तेव्हा माझ्या पाठीमागे अंगणातल्या तारेवर लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या लांबच लांब पट्ट्या वाळत होत्या. निहारने विचारलं, "आजी, तुमच्याकडे इतक्या लोकांना लागलंय का?" मी म्हटलं, कोणालाही लागलेलं नाही, लागू नये म्हणून त्या आहेत. तेवढ्यात तुमची पोहायला जायची वेळ झाली आणि फोन बंद झाला. मी मात्र तिथेच बसून राहिले. प्रश्न अर्धवट सोडलेला मला चालत नाही, हे तुमच्या आईला चांगलं ठाऊक आहे. शिवाय मला आता अठ्ठ्याहत्तरावं लागलं आहे. माणसं आठवतात, पण काय आधी झालं आणि काय नंतर, याची मनात सरमिसळ होऊ लागली आहे. ती वाढायच्या आत क्रमाने लिहून ठेवते.

त्या पट्ट्या गिऱ्हे सरांच्या. सर बॉक्सिंग शिकवायचे. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिणार आहे. ते पुस्तकी मराठीत आणलं, तर सर त्यात राहणार नाहीत. तुम्हाला अडेल तिथे आईला मोठ्याने वाचायला सांगा.

अकोल्यातल्या आपल्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एक बंद पडलेली जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा जुना कारखाना. त्याच्या आवारात टिनाचा एक शेड उरला होता. मी शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी त्या शेडमधून रोज संध्याकाळी धप् धप् आवाज यायला लागला. तुमचे आजोबा म्हणाले, कोणीतरी गाद्या झोडपतंय. आठवड्याभराने एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. चपला त्याने फाटकाबाहेरच काढल्या होत्या. उंची बेताची, खांदे रुंद, आणि बोटं झेंडूच्या रसाने पिवळी झालेली. त्याच्या उजव्या मुठीतलं एक हाड खाली बसलेलं होतं, चार गाठींऐवजी तीनच दिसत. हातात एक इंग्रजी पुस्तक होतं.

"बाई, तुमी इंग्रजीच्या बाई ना? हे नियमाचं पुस्तक हाय. मले अक्षरं लागतात, पण मतलब लागत नाई. वाचून सांगान का?"

मी वाचून सांगितलं. वाचलेल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने मराठी अर्थ लिहून दिला, कारण तोंडी सांगितलेलं टिकत नाही असं माझं मत. एका नियमाशी ते थांबले. फेरी चालू असताना प्रशिक्षकाने रिंगणाबाहेरून काही बोलायचं नाही, असा तो नियम. मला तो पुन्हा वाचायला लावला आणि समाधानाने म्हणाले, "म्हणजे माह्या स्वभावाले धरूनच हाय."

जाता जाता त्यांनी दुसरं काम काढलं. शेडमध्ये पाणी नव्हतं. आपल्या अंगणातल्या नळावर मुलांनी हाताच्या पट्ट्या धुतल्या आणि तारेवर वाळत घातल्या तर चालेल का? आजोबांनी हो म्हटलं. तेव्हापासून ती तार सरांची झाली. माझे कपडे मी गच्चीवर वाळत घालू लागले.

सरांचं घराणं माळ्याचं. गावाबाहेर त्यांचा झेंडू आणि शेवंतीचा मळा होता, ते आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, मिळून तो बघत. सकाळी फुलं तोडायची, बाजारात पोचवायची, दुपारी थोडं पडायचं आणि चार वाजता शेड उघडायचा, असा त्यांचा दिवस. तरुणपणी ते स्वतः जिल्ह्याकडून खेळले होते. एका सामन्यात कोणीतरी घाईत पट्टी ढिली बांधली आणि मुठीतलं हाड मोडलं. त्यांचं खेळणं तिथे संपलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही त्या बसलेल्या हाडाकडे माझं सारखं लक्ष जात होतं म्हणून.

बॉक्सिंगचे हातमोजे घालण्याआधी मुठीला आणि मनगटाला ती लांब पट्टी गुंडाळतात. अंगठ्यापासून सुरुवात, मनगटाला वेढे, मग बोटांच्या मधून एकेक फेरा, पुन्हा मनगट. सर प्रत्येकाची पट्टी स्वतः बांधायचे. आमच्या मागच्या ओसरीच्या पायरीवर बसायचे आणि मुलं रांगेत एकेक करून हात पुढे करायची. फुलं गुंफणाऱ्या माणसाची बोटं ती, न बघता चालायची. शेवटी गाठ मारत नसत, टोक आत खोचत. "गाठ टोचते," म्हणायचे. "फुलाले टोचते, हाडालेही टोचते."

रोज पंधरा-सोळा मुलांचे दोन्ही हात. मी शिक्षिका, मला ते पाहवेना. एकदा म्हटलं, "सर, मुलांना स्वतः बांधायला शिकवा. उत्तर लिहून दिलेलं मूल परीक्षेत अडतं."

त्यांनी मान वर केली नाही. "बाई, तुमी वर्गात हजेरी घेत होत्या ना? तशी ही माही हजेरी. हात हातात आला का समजते. कोणाले ताप हाय, कोण घरून भांडून आलं, कोण घाबरून राहिलं. विचारलं त पोट्टे खोटं सांगतात. हात खोटं नाई सांगत."

मला ते पटलं. आज वाटतं, अर्धंच पटायला हवं होतं.

शेडमधला सराव करायचा थैला त्यांनी पहिल्या वर्षी सरकी भरून बनवला होता. जिनिंगमध्ये सरकी सापडली, म्हणून. आठ दिवसांत त्याला उंदरांनी भोकं पाडली आणि एका मुलाने ठोसा मारला तसा त्यातून एक उंदीर बाहेर पडला. मुलं पळाली. सर तिथेच उभे राहून शांतपणे म्हणाले, "पाहा, हा पयला तुमचा प्रतिस्पर्धी. तुमी मारलं, तो पळाला, अन् तुमीही पळाले. बरोबरीत सुटलं." मग थैल्यात चिंध्या भरल्या. माझ्या जुन्या सुती साड्या त्यात किती आहेत, हे सांगत नाही.

शीतल आली तेव्हा तेरा वर्षांची होती. हिवरखेडची. घरची काळी जमीन, वडील, दोन काका, सगळे शेतात राबणारे. शाळेच्या कुठल्याशा स्पर्धेत सरांनी तिला धावताना पाहिलं होतं. वडील तिला घेऊन आले, सोबत तुरीच्या डाळीची पिशवी, आणि ओसरीवर बसून त्यांनी सरांना सरळच विचारलं, "सर, पोरीचं नाक मोडलं त तिच्याशी लग्न कोण करन?"

"माहं नाक देतो बापा," सर म्हणाले. "मले आता कायले लागते?"

वडील हसले नाहीत, पण पिशवी खाली ठेवली. शीतल आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला आली आणि नऊ वर्षं राहिली. मी तिला इंग्रजी शिकवलं. ती हट्टी होती, मोजकं बोलायची, आणि चुकली की स्वतःच्या पाठ्यपुस्तकावर हात मारायची. पहिल्या दिवशी पायरीवर बसून तिने हात पुढे केले, सरांनी पट्टी बांधली, आणि ते तसंच चालू राहिलं. तालुका, जिल्हा, राज्य. एकोणिसाव्या वर्षी ती तिच्या वजनगटात देशात पहिली आली. हिवरखेडला ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. सर ट्रॅक्टरवर चढले नाहीत, हार मात्र त्यांच्याच मळ्यातले होते.

तिची एक लढत मी पाहिली आहे. अमरावतीला राज्याची अंतिम फेरी होती आणि सर मला आग्रहाने घेऊन गेले. "नियम वाचता, एकदा खेळही पाहा." मी त्यांच्या मागच्याच खुर्चीवर बसले. पहिल्या फेरीत शीतलच्या नाकातून रक्त आलं. मला वाटलं, आता हे तिला सांगतील काय करायचं ते. दोन फेऱ्यांच्या मध्ये एकच मिनिट मिळतं. ती कोपऱ्यात येऊन बसली. सरांनी नाक पुसलं, पाणी दिलं आणि विचारलं,

"शेवंतीच्या वाफ्याले काल पाणी कोणं सोडलं व?"

शीतल धापा टाकत म्हणाली, "मी नाई. तुमी मले सांगतलंच नाई."

"मंग त्या वाफ्यात चिखल काहून हाय?"

"काकूनं सोडलं असन. मले काहून विचारता?"

"बरं, जा."

ती उठली आणि जिंकली. परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर मी त्यांना म्हटलं की मला हे अजिबात समजलं नाही. ते शेंगा सोलत होते. अर्ध्या माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "बाई, त्या एका मिनटात कोणी काई शिकत नाई. शिकायचं ते शेडात शिकून झालं. उत्तर द्यायले श्वास लागते. तिनं भांडून उत्तर दिलं, म्हणजे श्वास जाग्यावर हाय अन् पोट्टीही जाग्यावर हाय. मले तेवढंच पाहाचं राहते."

शीतल मागे बसून ऐकत होती. "अन् मी उत्तर नाई दिलं त?"

"त मी टॉवेल फेकतो अन् तुले घरी नेतो. हिवरखेडची बस भेटते ना अजून?"

ती हसली. त्या दोघांचं हे असं होतं. वर्षांमागून वर्षं गेली, बाकीच्या मुलांना सरांनी हळूहळू स्वतः पट्ट्या बांधायला शिकवलं, कारण मुलांची संख्या वाढली आणि सरांचे गुडघे दुखायला लागले. शीतलला मात्र शिकवलं नाही. देशात पहिली आलेली मुलगी चार वाजता लहान पोरीसारखी पायरीवर येऊन हात पुढे करायची. कोणी चिडवलं तर म्हणायची, "माहे हात हायेत, माहे सर हायेत. तुमचं काय जाते?" शिबिराला बाहेरगावी जायची वेळ आली की सर सोबत जायचे आणि मळा काकूंवर पडायचा.

आता मी जे लिहिणार आहे, ते मला जड जातं.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. फुलांचे दिवस, त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची, तरी एका दुपारी ते आले. हातात पाकीट होतं. मी विचारलं, "नवीन नियम आले का?"

"हाव. नियमच म्हणा."

इस्पितळाचा अहवाल होता. इंग्रजीत. मी त्यांचा कुठलाही कागद आधी मोठ्याने इंग्रजीत आणि मग मराठीत वाचत असे. त्या दिवशी तसं केलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "बाई, आज मनातल्या मनात वाचून राह्यल्या तुमी."

मग मी वाचलं. हृदयाच्या तीन वाहिन्या जवळजवळ बंद होत्या, शस्त्रक्रिया लांबवू नये, कष्ट करू नयेत. सवयीने प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने मराठी अर्थही लिहिला. त्यांनी तो स्वतः पुन्हा एकदा वाचला. नियमांच्या पुस्तकासारखाच, बोट ठेवून.

बावीस दिवसांनी अमरावतीला राज्याच्या संघाची निवड होती. एका वजनगटात एकच जागा. त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेतून पुढे परदेशी जाणारा संघ निवडला जाणार होता. म्हणजे शीतलला अमरावतीला हरून चालणार नव्हतं.

"निवड झाली का मी टेबलावर जाऊन झोपतो," सर म्हणाले. "तोवर शीतलले सांगू नका. ती माह्याकडे पाहत बसन अन् ठोसे खाईन."

मी म्हटलं, "काकूंना तरी सांगा."

"तिले सांगतलं म्हणजे शीतलले सांगतलं."

मी त्यांना शब्द दिला. दिलेला शब्द मी कधी मोडलेला नाही आणि आयुष्यभर मला त्याचा अभिमान होता. आता नाही.

निवडीला अकरा दिवस राहिले असताना सर गेले. सकाळी मळ्यात, झेंडू तोडता तोडता. काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा ते वरंब्यावर बसल्यासारखे कलंडलेले होते आणि टोपली भरत आली होती. अकोल्यातली त्यांची जुनी मुलं आली, काहींना स्वतःची मुलं झालेली. त्यांच्याच मळ्यातली फुलं त्यांच्यावर घातली. शीतल रडली नाही. स्मशानातून मंडळी परतली तेव्हा ती आपल्या नळावर बसून पट्ट्या धूत होती. त्या आदल्या दिवशीच धुतलेल्या होत्या.

अमरावतीला जावं की नाही, यावर घरात बोलणं झालं. तिचे वडील म्हणाले, "राहू दे माय, पुढच्या वर्षी." काकू कपाळ पुसलेल्या तशाच उठून आल्या आणि म्हणाल्या, "त्याईनं तिच्यासाठी मळा सोडला होता. ती जाईन." सोबत कोण, तर मी.

आम्ही राजापेठेत माझ्या बहिणीकडे उतरलो. सकाळी शीतल गॅलरीत बसली आणि पट्टी बांधायला लागली. खाली क्लासला निघालेल्या मुलामुलींच्या गाड्यांचा गोंगाट चालला होता. तिने अंगठ्याला वेढा घेतला, मनगटाला तीन वेढे घेतले आणि तिथे थांबली. सोडलं. पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या हाताची तर गोष्टच नाही, कारण बांधलेल्या हाताने बांधायचा हात कसा धरायचा हेच तिला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत तिच्या हातांनी पट्टी धरली होती ती फक्त धुवायला.

"आजी, तुमी बांधा."

नऊ वर्षं मी ओसरीत खुर्ची टाकून ते बघितलं होतं. कशानंतर काय, हे मला तोंडपाठ होतं. मी तिला सांगू शकत होते, लिहून देऊ शकत होते. माझ्या बोटांना मात्र ते जमलं नाही. कुठे ढिलं व्हायचं, कुठे बोटं पांढरी पडायची. माझी बहीण चहा घेऊन आली आणि आम्हा दोघींना बघून कप तसेच परत घेऊन गेली.

शेवटी स्पर्धेच्या जागी दुसऱ्या जिल्ह्याच्या एका प्रशिक्षकांनी बांधून दिली. सज्जन गृहस्थ. कोपऱ्यात उभं राहायलाही तेच तयार झाले. समोर चांदूर रेल्वेची एक मुलगी होती. शीतलने तिला आधी दोनदा हरवलं होतं. पहिल्या फेरीत शीतलच पुढे होती, हे माझ्यासारखीलाही कळत होतं. ती कोपऱ्यात येऊन बसली. ते गृहस्थ वाकून भराभर सांगू लागले, डावा वर, पाय हलव, तिला आत येऊ देऊ नकोस. सगळं बरोबरच असणार. शीतल त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिने काहीतरी म्हटलं. ते गोंधळले, पुन्हा डाव्या हाताचंच सांगू लागले, आणि मिनिट संपलं.

ती काय म्हणाली, ते त्यांनी मला नंतर विचारलं. "आजी, ही मुलगी मला म्हणत होती, 'मले काई विचारा ना.' काय विचारायचं होतं मी?"

मी त्यांना काय सांगणार होते? शेवंतीच्या वाफ्याचं?

दुसऱ्या फेरीत तिचा श्वास सुटला. तिसरीत ती उभी होती एवढंच. निकाल चांदूर रेल्वेच्या मुलीच्या बाजूने लागला आणि शीतलने तिचा हात स्वतः वर धरला.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, "आजी, तुमाले मालूम होतं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"काकूले पाकीट भेटलं. कागदावर तुमचं अक्षर हाय."

"हो," मी म्हटलं. "मला माहीत होतं."

"मले सांगतलं असतं त मी त्याईले ओढत नेलं असतं दवाखान्यात." मग म्हणाली, "नसते आले म्हणा. ऐकत होते कुठं कोणाचं. पण मंग मी निदान पट्टी बांधाचं त शिकून घेतलं असतं."

दुसऱ्या आठवड्यात तिने मागची खोली सोडली.

लोकांना वाटतं, एका पराभवाने खेळाडू संपतो. तसं झालं नाही. ती पुढे दोन वर्षं खेळली, दुसऱ्या शहरात, चांगल्या सोयींच्या ठिकाणी. शिकवणारेही जाणते होते. एक कांस्यपदक तिने आणलं. पण प्रत्येक लढतीत त्या एका मिनिटात तिला कोणीतरी उत्तम शिकवत होतं आणि विचारत कोणीच नव्हतं. पट्टी ती बांधायला शिकली होती, चांगली बांधायची, तरी उजव्या मुठीत दुखणं सुरू झालं. देशात पुन्हा पहिली कधी आली नाही. परदेशी जाणाऱ्या संघात तिचं नाव कधी लागलं नाही. वर्तमानपत्रात तिच्याबद्दलचं शेवटचं जे छापून आलं, त्यात नशिबाचा उल्लेख होता. मी ते कात्रण ठेवलेलं नाही.

चोविसाव्या वर्षी ती अकोल्याला परत आली आणि एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मला भेटायला आली नाही. काकूंकडून सगळं कळायचं. मी माझ्या जागी बसून होते. चूक माझी होती, आणि माफी मागायला जाणं म्हणजे तिच्याकडून काहीतरी मागणंच होतं.

एका दुपारी फाटक वाजलं. शीतल उभी होती. चपला तिने फाटकाबाहेर काढल्या होत्या. हातात छापील कागद होते.

"आजी, नवीन नियम आले. वाचून सांगा."

तिला इंग्रजी मी शिकवलं होतं. ते कागद ती माझ्याइतकेच सहज वाचू शकत होती. मी चष्मा लावला आणि सगळे नियम मोठ्याने वाचले, आधी इंग्रजीत, मग मराठीत. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने अर्थ लिहिला. ती बोट ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "शेड उघडाचा हाय. नळ वापरू का?"

तिच्याकडे आता पंचवीस-तीस मुलं येतात, निम्म्या मुली. पहिला महिना ती कोणाला हातमोजे देत नाही. फक्त पट्टी. बांधा, सोडा, पुन्हा बांधा, डोळे मिटून बांधा. परवा एक नऊ वर्षांची पोरगी कंटाळून म्हणाली, "ताई, आमी भांडाले आलो का पापड लाटाले?" शीतल म्हणाली, "तोंड चालते तसे हात चालव." बांधून झालं की ती प्रत्येकाची मूठ एकदा हातात धरते. बघते. मग सोडून देते. आणि सराव करता करता मुलं धापा टाकत बसली की त्यांना विचारते, काल डब्यात कायची भाजी होती, म्हशीनं पारडू दिलं का नाई, तुह्या भावाचा ताप उतरला का.

एक प्रसंग मी मागे ठेवला होता. तो अहवालानंतरचा, म्हणून खरं तर आधी यायला हवा होता. मी सर्वांत शेवटी सरांना पाहिलं तो.

गुरुवार होता. चार वाजता सर नेहमीसारखे पायरीवर बसले. त्यांच्या बोटांना दसऱ्याच्या फुलांचा पिवळा रंग लागला होता. शीतल आली, हात पुढे केले. सरांनी पट्टी तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "आजपासून तुही तू बांध."

शीतल हसली. "काहून सर? कुठं चालले तुमी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत होते, मांडीवर तिची इंग्रजीची वही होती. मी वहीत पाहिलं. तेव्हा मान वर करून एक वाक्य बोलले असते तर, हे मी किती वेळा मनात म्हटलं असेल, ते आता सोडून देते.

तिने एक वेढा घेतला, चुकला. दुसरा घेतला, तोही सुटला. मग तिने पट्टी त्यांच्या मांडीवर टाकली आणि दोन्ही हात पुढे धरले. "जाऊ द्या ना सर. तुमीच बांधा. मले उशीर होऊन राह्यला."

सरांनी पट्टी उचलली. अंगठा, मनगट, बोटांच्या मधून एकेक फेरा. नेहमीपेक्षा सावकाश. टोक आत खोचलं आणि तिची मूठ थोडा वेळ दोन्ही हातांत धरून ठेवली. "हं. जा," म्हणाले. ती गेली. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, तारेवरच्या दोन-तीन पट्ट्या सारख्या केल्या, आणि फाटकाबाहेर जाऊन चपला घातल्या.

निहार, तू विचारलं होतंस म्हणून सांगते. आज तारेवर बावन्न पट्ट्या आहेत. मुलांनी त्या स्वतः धुतल्या आहेत आणि उद्या चार वाजता ती त्या स्वतः बांधतील.